चपट्याचा श्वास

पाटोदा,
चैत्र अखेर

प्रिय भारत,

तुझा फोन लागत नाही की तू उचलत नाहीस, ते तुझं तुला ठाऊक. म्हणून कागद घेतला. मी अजून माहेरीच आहे. पावसाळा कोरडाच गेला, आड आटलाय. आप्पा दिवाळीआधीपासून जनावरं घेऊन सोसायटीच्या चारा छावणीवरच मुक्कामाला असतात. घरी एक गाय आणि आई.

आई एकटी पडली म्हणून तर दिवाळीला तू पुण्याहून ते पग जातीचं कुत्र्याचं पिल्लू आणलंस. नाक तोंडात रुतलेलं, डोळे बटबटीत. आईनंच नाव ठेवलं, चपट्या. डेअरीवर दूध घालायला जाताना ती त्याला कडेवर घ्यायची. शेजारची साखराबाई रोज म्हणायची, “वच्छलाबाई, लई गोड ध्यान हाय हो! तोंड बगा, अगदी लेकरावानी.” आई फुलून जायची. रात्रभर तो घोरायचा, आणि आप्पांची जागा ह्यानं भरून काढली म्हणून आपण दोघं फोनवर किती हसायचो!

ऊन चढलं तसा तो चार पावलांत धापा टाकू लागला, जीभ निळी पडायची. आईला वाटलं, एवढं गोड गोड म्हणतात, नजर लागली. तिनं त्याला चुलीपुढं बसवून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि विस्तवात टाकल्या. आपल्याला लहानपणी बसवायची ना, तसंच. ठसका लागेना म्हणून तिला वाटलं नजर कडक आहे, आणखी मिरच्या टाकल्या. त्याला ठसका द्यायलाही श्वास नव्हता रे. पदरात गुंडाळून आम्ही त्याला दूध संघाच्या डॉक्टरांकडे नेलं, पण वाटेतच तो गेला.

डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडून मला दाखवलं. नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा, टाळू घशात लोंबलेली. म्हणाले, “ताई, हे घोरणं नव्हतं, श्वास अडकत होता. असं तोंड लोकांना आवडतं, म्हणून माणसांनीच निवडून निवडून याचं नाक घालवलं. धूर निमित्त झाला. या उन्हात तसाही अवघड होता.” आपण ज्याला हसलो ती त्याची धडपड होती, हे मला अजून सहन होत नाही.

आणि तू आईला फोनवर म्हणालास, “तूच मारलंस त्याला.” त्या दिवसापासून तिनं चूल पेटवलेली नाही. काल मला विचारत होती, “तुमालाबी मी असंच धुरावर धरायचे की गं. तुमाला कावून काई झालं न्हाई?” मी म्हटलं, आई, आम्हाला नाक होतं. तिला पटलं नाही. साखराबाईला तिच्या पुण्यातल्या लेकाकडून कळलं, तू तसंच दुसरं पिल्लू सांगून ठेवलंयस म्हणे. ते आणू नकोस. कुणाच्या तरी हौसेपायी अर्ध्या श्वासावर जगणारा जीव आता या घरात नको. तू ये. तिच्या हातानं तो मेला नाही, एवढं तिला सांग. मी सांगून थकले, पण तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

रागावलेली, तरी तुझीच,
शिवकन्याताई