थांब्यावरचे छत माझ्या मालकीचे आहे

दिनांक १२ मे, मंगळवार. सकाळी दुकान उघडले. एक गिऱ्हाईक माप देऊन गेले. दुपारी नगरपालिकेचा माणूस आमच्या बसथांब्यावर नोटीस चिकटवून गेला, की तिथले कापडी छत विनापरवाना असून ते सोमवारपर्यंत काढावे. ते छत मी शिवले आहे. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहिते.

मी, खाली सही करणारी, उन्हासाठी कापडी छते शिवणारी बाई, पूर्ण शुद्धीवर आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. प्रकृती ठीक आहे. मनगटावर काळा डाग दिसला म्हणून मध्यंतरी रांगेत उभी राहून दाखवून आले. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, डाग निघून गेला. कापडाचा रंग होता. माझ्या पतींचे (यापुढे त्यांना ‘हे’ लिहीन, जन्मभर तेच म्हणत आले) नेमके उलटे झाले.

१. यांच्याविषयी आधी लिहिते, नाहीतर पुढच्या वाटण्या कळणार नाहीत. मी दुकानात शिवायची, हे टेकडीवरच्या बंगल्यांवर छते बसवायचे. दिवसभर शिडीवर, मान उन्हात. टेकडीवरची माणसे सुट्टीला मुद्दाम उन्हात पडून रापतात. हे कामाने रापले. एकदा गच्चीत पहुडलेल्या बाई यांना म्हणाल्या, “जरा सरका ना, तुमची सावली पडतेय.” हे सरकले. घरी येऊन म्हणाले, “सावली विकायला गेलो, तर फुकट पडलेली चालेना.”

त्याच बाईंच्या खांद्यावरचा वाईट तीळ त्यांच्या डॉक्टरांनी वेळीच काढला. आठवड्याने त्या परत गच्चीत. यांच्या मानेवरचा डागही पहिल्यांदा त्यांनाच दिसला. “दाखवून घ्या,” म्हणाल्या. हे म्हणाले, “कापडाचा रंग आहे, बाई.” घरी येऊन रॉकेलने घासत बसले. “निघत नाही गं, माल पक्का दिसतोय.” मीही हसले.

मग दवाखाना. चिठ्ठी, तारीख, पुढची तारीख. शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, “उशीर केलात.” त्यांच्या मागे भिंतीवर कातडीच्या कॅन्सरपासून सावध करणारे चित्र होते, समुद्रकाठी अंगाला तेल लावून पडलेल्या माणसांचे. शिडीवरचा त्यात कोणी नव्हता. उशीर आम्ही केला हे मला मान्य नाही, आणि ते इथे नोंदवून ठेवते. टेकडीवर काही कमी ऊन पडत नाही. पण तिथे बोलावले की डॉक्टर येतात, आणि माणसाची मान बघतात.

२. दुकान, शिलाई मशीन, कात्र्या आणि पितळी कड्या ठोकायचा हातोडा मुलीला. अट एकच. थांब्यावरचे छत फाटले की तिने नवे शिवायचे, उरल्यासुरल्या तुकड्यांचे नाही, टेकडीवर जाते त्याच कापडाचे. ती म्हणेल, “आई, थांब्याला इतकं भारी कापड कशाला?” मान सगळ्यांची सारखीच असते, म्हणून.

३. शिडी धाकट्या दिरांना. यांना पोचवून आलो त्या दिवशी ते दारातच म्हणाले, “उन्हातलं काम म्हटलं की हे व्हायचंच, वहिनी.” त्यांनी ऐन दुपारी तिच्यावर चढून मान खाली घालून काम करावे. तोवर शिडी आपली झाली असे समजू नये. माझ्या हयातीत ती मला लागणार आहे.

४. टेकडीवरच्या बाईंनी डाग पाहिला, हे मी विसरलेले नाही. सरका म्हणाल्या, तेही नाही. यांनी शेवटचे कापलेले निळे कापड त्यांना द्यावे. त्यांनी आपल्या डॉक्टरांना वर्षातून एक दिवस खाली पाठवावे. डॉक्टरांनी आमच्या छताखाली खुर्ची टाकून बसावे आणि माना बघाव्यात. चहा मुलगी देईल.

५. थांब्यावरचे छत. टेकडीवरच्या थांब्याला पक्के छप्पर आहे आणि तिथे बसला कोणी थांबत नाही. आमच्याकडे गवंडी, भाजीवाल्या, शाळेची पोरे, आणि नुसता खांब. नगरपालिकेने छत दोनदा काढून नेले, दोनदा मी नवे बांधले. ते मी माझ्या मालमत्तेत धरते आणि त्याखाली उभ्या राहणाऱ्या सगळ्यांना समाईक देते. काढायचे असेल तर आधी प्रत्येक वारसाला नोटीस द्यावी. पहिल्या बसच्या माणसांपासून सुरुवात करावी.

वकील म्हणाले, “अहो, रस्त्यावरची वस्तू मृत्युपत्रात घालता येत नाही.”

मी म्हटले, “मग तसं कोर्टात सांगू दे नगरपालिकेला. तोवर सावली पडेल.”

साक्षीदार शेजारचे चावीवाले आणि समोरच्या इस्त्रीवाल्या बाई. चावीवाले पेन धरून थांबले. “वहिनी, मीपण वारस झालो ना? मग माझी साक्ष चालेल का?”

इस्त्रीवाल्या म्हणाल्या, “तुम्ही कधी बसने गेलात? सायकल सोडत नाही जन्मात. करा सही.”

त्यांनी केली.

ठिकाण: दुकान, बसथांब्यासमोर. तारीख वरचीच.
सही: छते शिवणारी
साक्षीदार: १. चावीवाले २. इस्त्रीवाल्या बाई

ता. क. दोघेही गेले. थांब्यावर अजून ऊन आहे आणि पश्चिमेकडचा दोर सैल पडलाय. टोपी घालते, मानेला रुमाल बांधते आणि शिडी घेऊन जाते.