आधीचे आजार : निरंक

सोमवार, २ मे २००५. हेन्डरसन. सकाळी साडेनऊ.

मुलगा शिरीष सव्वासातला अल्बनीला ऑफिसला गेला. सून सुचित्रा त्याच्याही आधी ईस्ट टामाकीला, तिच्या फॅक्टरीत. नातीला, ओवीला, मी शाळेच्या गेटपर्यंत सोडून आलो. आता तीन वाजता तिला आणायला जाईपर्यंत घरात मी आणि फ्रिजचा आवाज.

काल शिरीषनं जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म ठेवला. या देशातली पद्धत अशी, की दवाखाना खासगी डॉक्टरांचा, पण पैसा बराचसा सरकारचा. एका दवाखान्यात नाव नोंदवायचं, मग पासष्टच्या पुढच्या माणसाला तपासणी आणि औषधं स्वस्तात. माझं रेसिडेन्स, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, फेब्रुवारीत आलं, म्हणजे मी पात्र. शिरीष म्हणाला, बाबा, सही करा, मी जाता जाता देऊन येतो. मी फॉर्म ताब्यात घेतला. एकतीस वर्षं पुण्यात विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात काढलेल्या माणसाचा फॉर्म हा 'जाता जाता' देऊन येणार.

पुण्याहून बहिणीनं, शकुनं, पाठवलेल्या बीपीच्या गोळ्या उरल्या बावीस. म्हणजे वेळ भरपूर आहे.

मंगळवार, ३ मे.

फॉर्म चार वेळा वाचला. संशयास्पद सोपा आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, सही. आजारांविषयी एक अक्षर नाही.

इथंच नवशिका फसतो. आजाराचं तोंडी विचारणार, बेसावध गाठून. मी स्वतः किती क्लेम नामंजूर केले असतील. 'आजार पॉलिसी घेण्यापूर्वीचा', शिक्का, पुढची फाईल. माणसं काउंटरवर रडायची. मी म्हणायचो, आधी सांगितलं असतंत तर पॉलिसीच मिळाली नसती, आता सांगताय तर क्लेम मिळत नाही. नियम म्हणजे नियम.

तेव्हा ठरलं. बीपी नाही. सकाळी बाथरूममध्ये चक्कर येते ती येत नाही. गुडघे पंचविशीतले. आधीचे आजार : निरंक.

शुक्रवार, ६ मे.

कागदपत्रं तयार. पासपोर्ट, रेसिडेन्सचा शिक्का, निवृत्तीचं पत्र, १९५४ सालची एसएससीची मार्कशीट, बायकोच्या, सरलाच्या, मृत्यूचा दाखला (वैवाहिक स्थिती विचारली तर), सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. अटेस्टेशनसाठी इथे गॅझेटेड ऑफिसर कुठून आणायचा हा प्रश्न होता. लायब्ररीत एक बाई आठवड्यातून दोनदा बसतात, जस्टिस ऑफ द पीस, फुकट सह्या करतात. पंधरा सह्या केल्या बिचारीनं. मार्कशीट बघून म्हणाल्या, गणितात फार छान मार्क आहेत. पन्नास वर्षांनी कोणीतरी दखल घेतली. तिथे चाळीस मिनिटं बसलो. मागे रांग नसती तर अजून बसलो असतो.

मंगळवार, १० मे.

पार्कात भानुदास भेटले. भानुदास म्हणजे नागपूरचे, रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त, मुलगा प्रणय इंजिनिअर, आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतात. रोज सकाळी दहाला आम्ही दोघं तळ्याला दोन चकरा मारतो. त्यांचं आणि त्यांच्या पत्नी बेबीताईंचं नाव नोंदवणं पुढच्याच आठवड्यात आहे म्हणाले. मी बाकावर बसवून त्यांना पूर्ण मार्गदर्शन केलं. शुगर लपवा. पडलात ते लपवा. कसं वाटतं विचारलं, तर फर्स्ट क्लास. ते ऐकून घेतात आणि हसतात. म्हणाले, साहेब, डॉक्टरपासून लपवायचं तर डॉक्टरकडे जायचंच कायले?

भोळा माणूस. नापास होणार.

शनिवार, १४ मे. दुपारी.

ओवीला नर्स केलं आणि सराव घेतला. ती इंग्लिशमध्ये विचारत होती, मी उत्तरं देत होतो. सहाव्या प्रश्नाला तिनं विचारलं, आबा, डू यू गेट सॅड? मी म्हटलं, नेव्हर. मग तिनं पेन्सिल खाली ठेवून विचारलं, की डॉक्टरकडे जायला आधी बरं कशाला असावं लागतं. पोर नऊ वर्षांची आहे. जग कळायला वेळ लागेल.

शिरीष-सुचित्रा दिवसभर झोपून होते. आठवडाभर दमतात बिचारी. मी टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेट पाहिलं.

सोमवार, १६ मे.

युक्ती सुचली. आजपासून गोळी अर्धी. वाचलेल्या अर्ध्या साठवायच्या आणि गुरुवारी सकाळी, दवाखान्यात नोंदणीला जाण्याआधी, दोन पूर्ण घ्यायच्या. बीपी एकदम आदर्श येईल. मीठ बंद. सुचित्रानं विचारलं, आमटीत काही कमी पडलं का? म्हटलं नाही, संकल्प आहे.

गुरुवार, १९ मे. दुपारी दोन.

पास.

रिसेप्शनवरची मुलगी कियाओरा म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार. मी फाईल काउंटरवर ठेवली, जाडजूड. तिनं फक्त पासपोर्ट उघडून पाहिला, सही घेतली आणि बाकी सगळं परत दिलं. मार्कशीट पाहिलीसुद्धा नाही. स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत झकास, म्हणाली, यू आर इन. मी ओळखलं, खरी परीक्षा आत आहे.

आत नर्स. केस पिकलेले, आवाज मऊ, अशीच माणसं काढून घेतात. नवीन पेशंटला नेहमीचे प्रश्न विचारते म्हणाली. सिगरेट? नाही. औषधं? नाही. चक्कर, पडणं? नाही. बीपी एकशेदहा-साठ. नर्स म्हणाली, लव्हली. खोली थोडी गोल फिरत होती, पण मी खुर्चीचा हात धरून बसलो.

मग विचारलं, घरच्यांशिवाय गेल्या आठवड्यात किती लोकांशी बोललात? हा प्रश्न अभ्यासात नव्हता. पण अनुभव कामी आला. चौदा, मी म्हटलं. तिनं भुवया उंचावल्या. कधी एकटं वाटतं का? म्हटलं, वेळ कुठे आहे. ती हसली आणि सगळ्या चौकटींवर टिक करत गेली. वर्षानं या म्हणाली.

तिच्याजवळ अजून दहा मिनिटं होती, घड्याळाकडेही बघत नव्हती. मीच उठलो.

शुक्रवार, २० मे.

चौदा आकडा खोटा नाही. हिशेब मांडून ठेवतो. बस ड्रायव्हर तीन (थँक यू म्हटलं, दोघांनी उत्तर दिलं). कोपऱ्यावरच्या डेअरीतले पटेल, दूध घेताना. जस्टिस ऑफ द पीसच्या बाई, या आदल्या आठवड्यातल्या, पण त्यांच्याशी बोलणं मोठं झालं होतं म्हणून धरल्या. लायब्ररीतला मुलगा. फोन कंपनीची बाई, ती प्लॅन विकत होती, अकरा मिनिटं बोललो, प्लॅन घेतला नाही. स्टेशन कुठे विचारणारा एक माणूस. शेजारच्या घरातले आजोबा, हात हलवला. भानुदास पाच वेळा. झाले चौदा.

अडचण एकच. औषधं घेत नाही असं सांगितल्यामुळे औषधं मागता येत नाहीत. गोळ्या उरल्या पाच. पण बीपी बरंचसं मनाचं असतं.

बुधवार, २५ मे.

भानुदास पार्कात आले नाहीत. एकट्यानं एकच चक्कर मारली.

गुरुवार, २६ मे.

भानुदासांची हकीकत ऐकून सुन्न झालो. त्यांनी प्रणयला दुभाषा करून नर्सला सगळं सांगितलं. शुगर, मोतीबिंदू, बाथरूममध्ये पडले ते, सगळं. नामंजूर करतील अशी माझी खात्री. तर दोन औषधं दिली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पत्र दिलं आणि नर्सनं तोच प्रश्न विचारला. भानुदास म्हणाले, बाई, इथे मी आणि माझी बायको एकमेकांचं तोंड पाहत बसतो, ती पण आता कंटाळली. म्हणून त्यांच्या घरी आता दर बुधवारी एक माणूस येणार. बॅरी नाव. निवृत्त प्लंबर. फुकट. गप्पा मारायला.

बायको घरात असताना एकटं वाटतं म्हणे. आणि हे नर्सला सांगायचं? मला त्यांची कीव आली.

बुधवार, १ जून.

त्यांच्या गल्लीवरून सहज गेलो. मुद्दाम नाही. दूध संपलं होतं. भानुदास आणि एक गोरा माणूस अंगणात पत्रपेटी दुरुस्त करत होते. भानुदासांना इंग्लिश येत नाही आणि बॅरीला मराठी, तरी बोलणं चालूच. बेबीताईंनी खिडकीतून हाक मारली, भाऊ, या, पोहे केलेत. म्हटलं, गडबडीत आहे.

घरी येऊन पाहिलं, दूध अख्खं होतं.

शुक्रवार, ३ जून.

गोळ्या संपून आठवडा झाला. पटेलांच्या डेअरीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ब्रेडच्या रॅकला धरून खाली बसलो. पटेलांनी शिरीषला फोन केला. तो अल्बनीहून मीटिंग सोडून आला. घरी माझ्या खणात गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. ती हातात घेऊन म्हणाला, बाबा, तुम्ही डॉक्टरला बीपी नाही सांगितलंत? का? मी त्याला आधीच्या आजाराचा नियम समजावून सांगितला. तो कपाळाला हात लावून बसला. अगदी सरलासारखा.

मंगळवार, ७ जून. संध्याकाळी.

शिरीषनं सुट्टी काढून डॉक्टरांकडे नेलं. माझ्यासाठी त्यानं सुट्टी काढली, हे बरं वाटलं. डॉक्टर तरुण. मी सगळं कबूल केलं. बीपी, अर्ध्या गोळ्या, चक्कर. शिक्का मारण्याची वाट बघत होतो. डॉक्टर म्हणाले, असे आजार असतात म्हणून तर नाव नोंदवायचं, मिस्टर पुरुषोत्तम. तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. एवढंच.

मग त्यांनी नर्सचा कागद स्क्रीनवर उघडला. विचारलं, यातलं आणखी काही बदलायचंय का? हळूच विचारलं. शिरीष शेजारी बसला होता आणि स्क्रीनकडे बघत होता.

पोरगा सात वाजता घरी येतो, डोळे लाल असतात. माझी काळजी नको म्हणून मला इथे आणलं त्यानं. त्याच्यासमोर काय सांगू?

म्हटलं, बाकी सगळं बरोबर आहे.

गाडीत शिरीष एकदम मोकळा झाला. चौदा लोक, बाबा, म्हणाला, मला तर चौदा माणसं ऑफिसात ओळखत नाहीत. म्हणाला, आम्हाला दोघांना तुमचीच चिंता होती, दिवसभर काय करत असाल. आता रोज तीनला तुम्हाला अडकवून ठेवायला नको. ओवीच्या मैत्रिणी शाळा सुटल्यावर तिथेच आफ्टर-स्कूलला थांबतात, तिलाही तेच हवंय, हट्ट धरून बसलीय. सुचित्रा येताना तिला घेऊन येईल. तुम्ही तुमचे मोकळे फिरा.

म्हटलं, उत्तम. मी हेच सुचवणार होतो.

सोमवार, १३ जून. दुपारी.

गोळी वेळेवर घेतली. चक्कर नाही. तब्येत खरोखरच फर्स्ट क्लास.

बुधवारी बेबीताईंकडे पोहे खायला जावं असा विचार आहे. बॅरीला विमा या विषयात रस असेल तर चार गोष्टी सांगता येतील. पण न बोलावता कसं जायचं? त्या दिवशी बोलावलं तर गडबडीत आहे म्हणालो.

क्लिनिकला फोन लावला. रिसेप्शनवरची तीच मुलगी होती. विचारलं, हाऊ कॅन आय हेल्प. म्हटलं, माझ्या फॉर्ममध्ये एक दुरुस्ती आहे. कोणती म्हणाली. मी म्हटलं, पत्ता. पत्ता बरोबरच होता. तिनं वाचून दाखवला, मी हो म्हटलं, ती स्वीट ॲज म्हणाली आणि फोन ठेवला.

पावणेतीनला बूट घातले. दार उघडल्यावर आठवलं, की आणायला कोणी नाही. तसाच पायरीवर बसलो. शाळा सुटली, पोरं गेली, आया गेल्या, साडेतीनला रस्ता पुन्हा रिकामा झाला.

दिवस जात नाही. चौदा सांगितलं ते चूक झालं. एक म्हणायला हवं होतं.