हळद्याला मागे सोडलं तेव्हा

लाडक्या दादा,

आज क्षमावणी. सकाळी देवळातून आल्यापासून फोन हातात घेऊन बसलेय. लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हापासून आजच्या दिवशी पहिला फोन सांगलीहून तुझाच यायचा. "काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा कर गं," म्हणायचास आणि लगेच पावसापाण्याची चौकशी सुरू. तू जाऊन पाच महिने झाले, तो फोन आता येणार नाही हे कळतं मला. पण मला आज वहिनीला फोन करायचाय आणि धीर होत नाहीये. म्हणून आधी तुला लिहितेय.

तुला दवाखान्यात आत नेलं त्या सकाळी मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "चार दिवस दादाच्या छातीत दुखत होतं आणि तुम्हाला कळलं नाही? डोळे मिटून होतात काय घरात?" दुपारी तू गेलास. दुखणं तू तिच्यापासूनही लपवलं होतंस, हे मला नंतर कळलं. एरवी कुणी मागे राहिलं की थांबणारा तू, या वेळी कुणासाठीच थांबला नाहीस. त्यासाठी मी तुझ्यावर अजून रागावलेय.

तो कॉम्प्युटर आठवतो का रे? अण्णांनी हळदीच्या दुकानासाठी घेतला आणि खाली धूळ फार म्हणून वरच्या खोलीत आणला. तुझ्या पुण्याच्या मित्रानं गेमची सीडी दिली आणि आपण दोघं राक्षस, जादूगार, किल्ले यांच्या त्या दुनियेत राहायलाच गेलो. मला गंमत वाटायची ती सोबत्यांची. नायक आपला, आणि बरोबर कोण न्यायचं तेही आपणच ठरवायचं. उरलेल्यांना धर्मशाळेत ठेवायचं. ते आपापसात भांडायचे, रुसायचे, कधी चक्क सोडून जायचे. तू सगळ्यांना नावं दिली होतीस. कुऱ्हाडवाला पैलवान, कुलपं उघडणारी चोरटी, शाहीर, आणि पिवळ्या झग्यातला म्हातारा वैद्य, हळद्या. हा हळद्या भलताच सावकाश चालायचा.

"काढून टाक की त्याला," मी म्हणायचे.

"आगं, मग जखमा कोण बांधणार? पैलवान?" असं म्हणून तू त्याची वाट बघत थांबायचास.

मग आपल्या जैनांचं उपास-अहिंसेचं दशलक्षण पर्व आलं आणि आईनं बजावलं, "दहा दिवस मारामारी न्हाई. खोटी असली तरी न्हाई." दुसऱ्या कुणी गेम बंद करून ठेवला असता. तू पैलवानालाच धर्मशाळेत बसवलंस. बाकीच्यांना घेऊन, कुणाला न मारता पुढे जायचं ठरलं. लपायचं, गोड बोलायचं, नाहीच जमलं तर पळायचं. आई मधूनच जिना चढून यायची आणि विचारायची, "कुणाला मारालाय काय रं?" इंग्रजी संवाद वाचायचं काम माझ्याकडे होतं. नववीत इंग्रजीत काठावर सुटलेली मी, मांडीवर डिक्शनरी घेऊन दरोडेखोरांची समजूत काढत होते. आज तेच इंग्रजी शिकवून माझं घर चालतं. ते मला कुणी शिकवलं, हे शाळेतल्या बाईंना सांगितलं तर त्यांना पटायचं नाही.

नवव्या दिवशी दुपारी तू दुकानात होतास आणि मी एकटीच खेळत होते. लांडगे मागे लागले, समोर पूल होता. चोरटी आणि शाहीर माझ्याबरोबर पोचले. हळद्या अजून अर्ध्या वाटेवर होता. मला थांबता आलं असतं. मी थांबले नाही. पूल ओलांडून घाईघाईनं गेम सेव्ह केला आणि मग मागे बघितलं. तोवर हळद्या संपला होता. तू एकच सेव्ह ठेवायचास, त्यामुळे मागे जायची सोय नव्हती. तू काय म्हणशील या भीतीनं मी तोही पुसून टाकला. तू वर आलास तेव्हा म्हणाले, "लाईट गेली रे, सगळं पुसलं गेलं."

तू पडद्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "बरं," म्हणालास. "चल, पयल्यापास्नं."

दीड महिन्याचा खेळ होता तो! पर्व संपलं आणि क्षमावणीला तू माझ्यापुढे, एवढ्याशा बहिणीपुढे, आधी हात जोडलेस. मीही तेच ठरलेलं वाक्य म्हटलं. 'काही चुकलं असेल तर.' काय चुकलं होतं ते मला चांगलं माहीत होतं.

नव्या खेळात सोबती निवडायला तू माउस माझ्या हातात दिलास. मी सगळ्यात आधी हळद्याला घेतलं.

"सावकाश चालतोय हं त्यो," तू म्हणालास.

"चालू दे," मी म्हटलं.

गेल्या महिन्यात सांगलीला गेले होते. वहिनीनं चहा दिला आणि आपणहून म्हणाली, "वन्सं, तुमच्या लाईटची गोष्ट हे नेहमी सांगायचे. त्या दुपारी खाली दुकानात पंखा फिरत होता म्हणे." खाली-वर एकच मीटर, दादा. म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं?

"मग बोलला का नाही तो?" मी विचारलं.

"म्हणायचे, पोरगी आधीच रडवेली झालती, तिला आनि काय बोलू?"

जिला मी चारचौघांत बोलले होते, तीच तुझी ही माया मला आणून देत होती. तेव्हाही माझ्या तोंडून क्षमेचा शब्द निघाला नाही. चहा पिऊन परत आले.

इतकी वर्षं माझं खोटं तू पोटात ठेवलंस आणि मला एकदाही खाली मान घालायला लावली नाहीस. तुझ्यासारखा भाऊ मिळाला, याचं मला फार फार सुख आहे. तरी एकदा विचारायचं होतंस रे. मी खरं सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. आता सांगते. लाईट गेली नव्हती. मला क्षमा कर.

वहिनीला मी इतकी वर्षं ताटकळत ठेवणार नाही, हा तुला शब्द. 'काही चुकलं असेल तर' असं म्हणणार नाही. दवाखान्यात काय बोलले ते जसंच्या तसं पुन्हा तोंडानं म्हणेन आणि मग क्षमा मागेन. ती रागावली तर ऐकून घेईन. गप्प राहिली तर ती बोलेपर्यंत थांबेन.

तुझी धाकटी,
सुनी