बाजाराच्या दिवशीचं मागचं दार

प्रिय आत्याबाई,

सासूला पत्र लिहिणारी सून लोणारात तरी मी पहिलीच असेन! पण आज सकाळी बिल्डरचा माणूस आपल्या जागेचा नकाशा टेबलावर पसरून गेला. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली, तरी सही करायची म्हटल्यावर पहिला विचार तुमचाच आला. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं करू?

घराच्या उजवीकडे आता लॉज झालाय. सरोवर बघायला येणारे तिथे उतरतात. डावीकडे खाली मोबाइलची दुकानं, वर कोचिंग क्लास. मधे आपलं घर, एसटीच्या सीटवर दोन धिप्पाड माणसांमधे अंग चोरून बसलेल्या बाईसारखं. अंगणात ऊन येतं ते जेमतेम तासभर. मी वाळवणं बंद केली. तुम्ही असता तर लॉजच्या गच्चीवर कुरडया घातल्या असत्या आणि मॅनेजरला राखणीला बसवलं असतं!

मागच्या अंगणातला संडास मात्र तसाच आहे. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून विकायला आलेल्या बायका अजूनही बोळातून तिथे येतात.

लग्न होऊन साखरखेर्ड्याहून आले तेव्हा किती चिडायची मी! भाजीवाल्या, मिरच्यावाल्या, बांगड्यावाल्या, सगळ्या सरळ मागच्या दाराने आत. हे घर आहे की धर्मशाळा? तुम्ही म्हणालात, "अवं, मानसं कुठीबी उभे राह्यतात. बाईनं कुठी जावं, सांग मले?" मी तोंड वाकडंच ठेवलं.

बाजाराच्या दिवशी तुमची फार आठवण येते. जुन्या बायका जाताना अजून कोथिंबिरीची एक जुडी कट्ट्यावर ठेवतात. "बुढी असती तं बसलो असतो जराशीक," म्हणतात. मी म्हणते, बसा की. पण माझ्यापाशी त्या बसत नाहीत. तुमच्यासारखं बोलणं मला कधी जमलंच नाही. का नाही शिकवलंत?

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. तुम्ही पिंपळगाव राजाला लग्नाला गेला होतात, तो बाजाराचाच दिवस होता. मी दाराला आतून कडी लावली. कोणीतरी वाजवत राहिलं. "उघडा वं माय, लवकर उघडा!" मी टीव्ही मोठा केला. आवाज थांबल्यावर दार उघडून पाहिलं, तर पायरी ओली होती. पाणी सांडलेलं नव्हतं ते. मी दोन बादल्या ओतल्या आणि तुम्ही यायच्या आत पायरी स्वच्छ केली. त्या बाईचं तोंडही मी पाहिलं नाही. तुम्हाला कळलं होतं का, आत्याबाई? कळून गप्प बसलात? रागावला असतात तर बरं झालं असतं हो.

तर नकाशा. खाली सगळी दुकानं, वर मला फ्लॅट. मी विचारलं, "बाजाराच्या बायकांची सोय कुठे आहे यात?" तो हसला. "काकू, कमर्शियलमधे असं नाही देता येत."

पुण्याहून तुमच्या नातवाचा फोन आला. "आई, त्या बायांसाठी अडून बसली का तू?" त्याचंही चूक नाही. माझे गुडघे गेलेत, मी एकटी राहते, त्याच्या जिवाला घोर. पण मी म्हटलं, "हाव."

तळमजल्यावर, रस्त्यावरून थेट जाता येईल असा बायकांचा संडास नकाशात काढून आणा, मग सही करते, असं मी बिल्डरला कळवलंय. बहुतेक तो दुसरी जागा बघेल. बघू दे. माझ्यानंतर इथे काय होईल ते मला माहीत नाही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण मी आहे तोवर बाजाराच्या दिवशी कुठल्याच बाईला आपलं दार वाजवावं लागणार नाही. ते उघडंच असेल.

तुमची सून,
शोभा