घाबरलेला कर्नल

प्रिय खलाशीबुवा,

तुझं जहाज पुढच्या बंदराला लागलं की सगळ्यात आधी माझे शनिवार सकाळचे निरोप तुझ्या फोनवर येऊन आदळतील. 'कॉम्प्युटर गेला', 'काय करू', 'कुठे आहेस तू', आणि शेवटी तर नुसतीच उद्गारचिन्हं. ते वाचून जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. हे पत्र मी रविवारी दुपारी लिहितेय, आणि त्याच गेलेल्या कॉम्प्युटरवर लिहितेय. त्यावरून काय ते समज.

झालं असं की शुक्रवारी संध्याकाळी त्याने अपग्रेड करू का म्हणून विचारलं आणि मी हो म्हटलं. हातात काम असताना त्याच्या नादाला लागू नकोस, असं तू जाताना बजावलं होतंस, ते मला पाठ आहे. पण तो रोज विचारायचा, आणि रोज नाही म्हणायचा मला कंटाळा आला होता. मधेच कसलासा लाल मजकूर येऊन गेला. असेल काहीतरी म्हणून मी खिडकी मिटली आणि मशीन बंद करून निजले. सकाळी उघडते तर काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या मुंग्या. बंद केलं, चालू केलं, पुन्हा त्याच मुंग्या. दुसरीच्या मुलांचं वाचनाचं पुस्तक त्यात होतं. पूर्ण मांडून झालेलं, चित्रं जागच्या जागी बसलेली. संपादकबाईंना ते सोमवारी द्यायचं होतं आणि त्याची दुसरी प्रत मी कुठेही ठेवलेली नव्हती.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. म्हणाला, 'घेऊन या, सगळं पुसून नवीन टाकून देतो.' मी म्हटलं, अहो, आतल्या फायलींचं काय? तर म्हणतो, 'त्या आधीच काढून ठेवायच्या असतात, मॅडम.' घर पेटल्यावर विम्याचा सल्ला द्यावा तसं. पण दुसरा इलाज दिसेना. मी टेबलाखाली वाकून वायरी उपसायला लागले. तुझ्या नावाने काय काय म्हटलं असेन ते इथे लिहीत नाही, कारण ते तुझ्या बाबांनी ऐकलं आणि तेवढी शिक्षा पुरे आहे.

बाबा तिथेच होते, त्यांच्या खुर्चीत. तू गेलास तेव्हा त्यांना उजेड-अंधार तरी दिसायचा. आता तेवढीही नजर राहिली नाही. फोनवर मी तुला 'ठीक आहेत' म्हणायचे, कारण खोटं असं काही त्यात नव्हतं. जेवत होते, झोपत होते. पण घरात कसं वागत होते ते मी तुला कधी धड सांगितलंच नाही. चहा देऊ का बाबा? चालेल. रेडिओ लावू? चालेल. बंद करू? चालेल. एका शब्दावर माणूस दिवस काढत होता. चहा करताना त्यांच्या बाहीने पेट घेतला होता ना, त्यानंतर मी त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं. कपडे मी काढून ठेवायचे, पाणी मी हातात द्यायचे, दारापर्यंत दंडाला धरून न्यायचे. मला वाटायचं मी फार करतेय. करत होतेच. त्यांना मात्र करायला काही उरलं नव्हतं.

तर मी वायरी गुंडाळत असताना खुर्चीतून आवाज आला, 'कुठे नेतेस ते?' मी सांगितलं. ते म्हणाले, 'स्क्रीनवर काय लिहिलंय?' मी वैतागून म्हटलं, भलंमोठं काहीतरी इंग्रजीत. 'भलंमोठं असं कुणी लिहीत नसतं. वाच.' तुला तो सूर माहीत असेल. टेलिफोन एक्स्चेंजची मशीनं सांभाळायचे तेव्हा हाताखालच्या माणसांना त्याच सुरात विचारत असतील. मी मुकाट्याने वायरी परत लावल्या, मशीन चालू केलं आणि वाचायला लागले. एका ओळीत 'कर्नल पॅनिक' असं होतं. मी विचारलं, 'बाबा, हा कुठला कर्नल घाबरलाय?'

ते हसले रे. गालात नाही, खदखदून. खोकला येईपर्यंत हसले. मी इतक्या दिवसांत ते हसणं विसरूनच गेले होते. मग डोळे पुसून म्हणाले, 'लष्करातला नव्हे ग. कर्नल म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा. शेवटच्या ओळी वाच. अक्षर न् अक्षर, गाळायचं नाही.' मी वाचलं. आकडे वाचले, कंस वाचले, ठिपकेसुद्धा वाचले. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, 'अपग्रेडने नवा गाभा आणलाय. तो कामावर हजर झाला, पण त्याला कोठाराची किल्ली कुणी दिलीच नाही. म्हणून दारात उभा राहून बोंब मारतोय. कोठार आहे तिथेच आहे.' आणि माझं पुस्तक? 'कोठारात. त्या दुकानदाराला सांग, एका किल्लीसाठी इमारत पाडू नये.'

आता तुला वाटेल, पुढे सगळं सुरळीत झालं. छे! ते म्हणाले, चालू होताना शिफ्ट धरून ठेव, जुना गाभा निवडायची यादी येईल. मी धरलं. यादी आली नाही. पुन्हा धरलं, आणखी लवकर धरलं, दोन्हीकडची शिफ्ट धरली. घोडं तिथेच अडलं. ते उठून माझ्या मागे येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते, तो हात त्यांनी काढून घेतला. म्हणाले, 'जाऊ दे. माझं सगळं जुनं झालं. ने दुकानात.' आणि वळले ते थेट टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले.

खरं सांगते, माझा हात आपसूक त्यांच्या दंडाकडे गेला होता. बसा बाबा, राहू द्या, हे शब्दही ओठांवर होते. तसं केलं असतं तर आजही ते खुर्चीत बसून चालेल म्हणत असते. का कोण जाणे, पण मी हात मागे घेतला आणि जरा चिडूनच म्हटलं, 'तुम्ही अर्ध्यात सोडलंत तर मी विचारू कुणाला? तुमचा मुलगा बसलाय तिकडे पाण्यात.' ते मांडी चोळत थांबले. मग म्हणाले, 'हे मशीन केव्हाचं?' मी सांगितलं, तुम्ही इथे राहायला आलात त्या वर्षी घेतलेलं. 'हां. म्हणजे नव्या पद्धतीचं. मग शिफ्ट नव्हे, एस्केप. हलकेच दाब. कावळे हाकलल्यासारखं करू नकोस.'

यादी आली! मी ओरडले. ते म्हणाले, ओरडू नको, वाच. मी एकेक ओळ वाचत गेले, ते 'खाली', 'आत', 'आणखी खाली' सांगत गेले. दोन गाभे होते तिथे, नवा आणि त्याआधीचा. मी आधीचा निवडला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मी बंद करायच्या बटणाकडे हात नेला. बाबा मात्र मान कलती करून ऐकत होते. 'पंखा मंदावला. डिस्क वाचतेय. सुरू झालं बघ.' आणि खरंच झालं. मला दिसायच्या आधी त्यांना कळलं होतं.

मी लगेच पुस्तकाची फाईल उघडली. पहिल्या पानावरचं बदक मान वाकडी करून माझ्याकडे बघत होतं. त्या बदकाची पापी घ्यायची तेवढी राहिली. बाबा म्हणाले, 'आधी दुसरीकडे उतरवून घे. कौतुक मागाहून.' ते झाल्यावर त्यांनी मला काळी खिडकी उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगत आज्ञा टंकायला लावल्या. कुठल्या कप्प्यात किती जागा उरलीय त्याचे आकडे वाच म्हणाले. वाचता वाचता एक सापडला, काठोकाठ भरलेला. इवलासा कप्पा, त्यात गाभे ठेवतात म्हणे. नव्याची किल्ली ठेवायला तिथे जागाच उरली नव्हती. 'हा कप्पा एवढा लहान कुणी ठेवला?' मी म्हटलं, तुमच्या चिरंजीवांनी. 'तरीच. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं.' हे मी शब्दशः तुला कळवतेय. कळवायचं असं त्यांनी सांगितलंय.

तळाशी एक जुनापुराणा गाभा पडून होता, यादीतही न दिसणारा, त्याची अडगळ काढायची होती. नेम असा ठरला होता की मी टंकायचं, पुन्हा मोठ्याने वाचायचं, आणि ते 'हो' म्हणाले तरच एंटर. मला वाटलं, म्हातारपणचा काटेकोरपणा. मी टंकलं, वाचलं, आणि त्यांनी हवेतच हात वर केला. 'थांब! ज्याच्यावर आत्ता मशीन चालू आहे तोच काढायला निघालीस तू. बसलोय ती फांदी आहे ती.' एक आकडा चुकला होता माझा. डोळे असून मला दिसला नाही. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले, आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो. आकडा सुधारला, अडगळ निघाली, अर्धवट राहिलेलं अपग्रेड पुन्हा सुरू केलं. ओळींमागून ओळी धावल्या. शेवटी बंद करून चालू केलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. बाबाच म्हणाले, 'उघड डोळे. झालं.'

मग ते म्हणाले, चहा मी करतो. मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणता आलं नाही. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, ओट्याच्या कडेने हात सरकवत शेगडीपर्यंत गेले. मी दारात मुठी आवळून उभी. चहा थोडा सांडला, साखर दोनदा पडली. तसला गोडमिट्ट चहा आम्ही समोरासमोर बसून प्यायलो. आणि कप खाली ठेवत त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, 'त्या खोलीचं काय ठरलं तुमचं?'

तू फोटो पाठवले होतेस ती वृद्धाश्रमातली खोली. खिडकीतून बाग दिसते असं त्याखाली लिहिलेलं. आपण फोनवर बोललो तेव्हा मी गॅलरीत होते, दार लोटलेलं होतं. ते म्हणाले, 'डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.' रागावले नव्हते, त्यामुळे मला जास्तच कसंसं झालं. मी सगळं सांगितलं. तुला तिकडे झोप लागत नाही, मला इथे धीर धरवत नाही, ती जागा वाईट नाही, माणसं चांगली आहेत. ते ऐकत होते, सकाळी स्क्रीनवरच्या ओळी ऐकल्या तसेच, मान खाली घालून. मग म्हणाले, 'वाईट नसेल. पण मला कुणी विचारलं नाही.' मी म्हटलं, आता विचारते. तुम्हाला काय हवंय?

हे पत्र त्यांचं उत्तर तुला कळवण्यासाठी आहे. त्यांना इथेच राहायचंय. त्यांच्या अटी आहेत आणि त्या मला मान्य आहेत: पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणारी बाई घरी बोलवायची, चहा त्यांनी करायचा, आणि मी विचारल्याशिवाय दंडाला धरायचं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त केला म्हणून मी त्यांची बाजू घेतेय असं समजू नकोस. उद्या त्यांना एकही आज्ञा आठवली नाही तरी माझं म्हणणं हेच राहील. अवघड जाईल, भांडणंही होतील, आणि कधी काळी त्यांनाच ती खोली हवीशी वाटली तर आपण तिघं मिळून ती बघायला जाऊ. पण तूर्तास त्या लोकांना नको म्हणून कळव. आणि बंदराला लागलास की फोन मला करू नकोस, त्यांना कर. ठीक आहेत का ते विचारू नकोस. दुसरं काहीही विचार. आता आवरतं घेते, कारण तू घालून दिलेला तो स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांनी काल स्वतःहून चालू करायला लावला. त्यातली बाई नाकात बोलते आणि मराठीचे हाल करते, पण तिला वळण लावायचा त्यांनी चंग बांधलाय. मघापासून माझ्या खुर्चीमागे उभे आहेत आणि बोटांनी पाठीवर टकटक करतायत. म्हणतायत, 'संपव ग ते पत्र. माझी पाळी आहे.'

उठवली जात असलेली,
तुझीच