ओल्या चिखलातला ठसा

५ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. तुझे बाबा मात्र खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात ते बसतातच. ताटातलं निम्मं अन्न तसंच परत येतं. पुलाच्या मोजणीला गेलेल्या दादाला घळीतल्या वाळूखालून काढलं, तेव्हापासून एकच घोकतात: मी शोध थांबवला तेव्हा माझा पोरगा जिवंत होता.

तुला माहीतच आहे, पहिल्या पुरात तो बेपत्ता झाला आणि दुसरा पूर येणार म्हणून शोधपथकाचे प्रमुख, शोध थांबवायचा का, असं यांनाच विचारायला आले. दुसऱ्यांच्या मुलांचे जीव पणाला लावू नका, असं हे म्हणाले. त्यात काय चुकलं? समजावून समजावून माझं तोंड दुखलं.

तू दगडांचं वय सांगतेस. दादा तुला चिडवायचा, की आमचा दगडोबा कोट्यवधी वर्षांचा हिशेब ठेवतो आणि घरच्यांचे वाढदिवस विसरतो. मग एवढं सांग, शोध थांबला तेव्हा तो होता की नव्हता?

उत्तराची वाट बघणारी,
तुझी आई

१४ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून प्रयोगशाळेत हात चालत नाही. आई, आमची घड्याळं फार ढोबळ गं. ज्वालामुखीच्या राखेतल्या बारीक खड्यांत किरणोत्सारी द्रव्य असतं, ते ठरलेल्या गतीनं झिजतं. किती उरलं ते मोजून आम्ही वय काढतो, आणि त्यात लाखभर वर्षं इकडची तिकडे झाली तरी कुणी रागावत नाही. तुझा प्रश्न दिवसांचा आहे.

जीवाश्मही नाना तऱ्हेचे असतात. कुठे हाडाचाच दगड झालेला, कुठे शिंपला विरघळून नुसता साचा उरलेला, कुठे फक्त चालल्याच्या खुणा. कोण आधीचं ते थरांवरून लागतं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि ज्यातून भेग गेली ते भेगेच्या आधीचं. एवढं मात्र नदीतल्या चिखलालाही लागू आहे. रजा मिळाली की जाऊन बघते. बाबांना आत्ताच बोलू नकोस, उगाच आस लागेल.

आहे तशीच माया ठेव.
तुझी धाकटी

२ एप्रिल

ती. आईस सा. न. वि. वि.

जाऊन आले. घळीत खाली पहिल्या पुराचा लाल चिखल आहे, वर दुसऱ्या पुराची करडी वाळू. दादा या दोहोंच्या मध्ये होता. वाळू ब्रशनं झाडली, तर चिखलात त्याच्या देहाचा ठसा जसाच्या तसा. कडेनं ओला चिखल दबून वर आलेला, आणि वाळताना पडलेल्या भेगा ठशातून आरपार गेलेल्या. म्हणजे तो आडवा झाला तेव्हा चिखल मऊ होता. त्यानंतर तो हललाच नाही, नाहीतर कडा मोडल्या असत्या. घळीच्या तोंडाशी दरड कोसळली होती म्हणून पथक आत गेलं नाही. पण शोध थांबला तोवर दरडीबाहेरचा तोच लाल चिखल कित्येक दिवसांच्या उन्हानं वाळून खापरासारखा झाला होता, असं प्रमुख सांगतात.

बाबांना सांग, त्यांनी थांबा म्हटलं तेव्हा दादा केव्हाच गेला होता. हे मन राखायला म्हणत नाही.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवता येत नाही. ठशाभोवती त्याच्या बुटांच्या खुणा आहेत, त्याही ओल्यातल्या. पहिल्या पुरातून तो वाचला होता. दरडीपर्यंत जाऊन परत आलाय, पुन्हा गेलाय. मी तिथेच बसून रडले.

माया कमी करू नकोस, आता तिची फार गरज आहे.
तुझी धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस अ. उ. आ.

पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, प्रमुखांच्या सांगण्यापर्यंत आणि तू बाबांना दिलेल्या निरोपापर्यंत. पुन्हा वाच म्हणाले. मग डोळे पुसले, आणि कितीतरी दिवसांनी ताटातलं सगळं संपवलं. पुढचं मी वाचलं नाही, पत्र संपलं म्हणून सांगितलं. त्या बुटांच्या खुणा यांना झेपायच्या नाहीत. तूही बोलू नकोस.

पाण्यानं झटक्यात नेलं असेल, त्याला कळलंही नसेल, असं म्हणून मी इतके दिवस स्वतःला सावरत होते. आता तेही गेलं. तुझ्यावर राग नाही, विचारलं मीच होतं. पण भाजी चिरताना हात थांबतो आणि मी त्याच्याबरोबर त्या घळीत येरझाऱ्या घालते.

एकच विचारते, खरं सांग. लहानपणी तो कुशीवर, गालाखाली हात घेऊन झोपायचा. ठसा तू बघितलास. तो तसा निजला होता का?

आशीर्वाद आहेतच. उत्तर माझ्या एकटीच्या नावानं पाठव.
तुझी आई