दाराआडून ऐकलेली प्रार्थना

अहो,

तुमच्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्यायला जातेय. दूध तापवून ठेवलंय. पायावर भार देऊ नका.

सकाळी तुम्ही प्रार्थनेत म्हणालात, "प्रभू, पाऊल बधिर झालंय. तू ठेवशील तसा राहीन." मी दाराशीच होते. मी विचारलं की मात्र रोज "बरं आहे गं" एवढंच. पट्टी बदलायची मी आणि दुखणं सांगायचं त्याला. देवाचा हेवा करू नये, हे कळतं मला. तरी पोटात दुखलंच.

त्याच्या हातून काही निसटत नाही, हा विश्वास माझाही आहे. तो ठेवील तशी मीही राहीन. पण यापुढे आधी मला सांगत जा. त्याला न सांगताही कळतं, मला सांगावं लागतं.